पंधरा अंशांच्या आत

९ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या पुलाच्या कामाचा पत्ता शोधून काढला. तुमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की साइटवर टपाल आठवड्यातून एकदा जातं आणि क्रेनवाल्यांची पत्रं कँटीनच्या फळ्यावर टाचून ठेवतात. म्हणजे हे पाकीट तुझ्याआधी निम्म्या कँटीनच्या हातांतून फिरणार. म्हणून दोनदा चिकटवलं आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा नंबर वाढला. माझ्याच दुकानात तिचे डोळे तपासून घेतले, काचाही मीच घासून बसवल्या. तरी तिचं म्हणणं, जुन्या चष्म्यातून मी बारीक दिसायचे. मालकांनी मला आता मशीनवर एकटीला सोडलंय. तिरक्या नंबरच्या काचा सगळ्या माझ्याकडे येतात. एक-दोन अंशांनी काच चुकीची बसली की माणसाला जिना उतरताना भोवळ येते, त्यामुळे मान वर करायला फुरसत नसते.

आपली धाकटी भिंगरी मजेत आहे. सध्या तिला घरी राहायला भरपूर वेळ मिळतो. आईला माळ्यावरचे डबे काढून देते, वर्तमानपत्रातली कोडी सोडवते. ती तुझ्यावर रागावलेली नाही. त्या दिवशी जेवताना जे बोलली ते तोंडातून निघून गेलं. दोन वर्षं झाली त्याला, माणूस विसरतो.

तेवढ्या उंचावर दिवसभर एकटा बसून असतोस, निदान जेवत तरी वेळेवर जा.

तुझी,
मधली


२ मार्च

दादा,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि दुकानाची पायरी चढेपर्यंत माझी मलाच लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला ठाऊक आहे. आज भांडं पुढे करते.

भिंगरी घरी आहे, कारण तिच्या गोलंदाजीवर वर्षभराची बंदी आहे. ही दुसरी. पेपरात वाचलं असशील, पण पेपरात जे आलं ते अर्धं होतं.

पहिल्या वेळचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. पंचांनी तिच्या ॲक्शनवर बोट ठेवलं, प्रयोगशाळेत तपासणी झाली. हात वाकडा असायला कोणाची हरकत नाही, पण वाकडा हात चेंडू सुटेपर्यंत पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. तिचा चोवीस अंश होत होता. चोवीस हा आकडा ऐकून ती घरी आली, जेवायला बसली आणि तुला विचारलं, "दादा, तुला ठाऊक होतं?" तू नाही म्हणालास. ती म्हणाली, "तू मला खोटं शिकवलंस." तू ताटावरून उठलास आणि पंधरा दिवसांत एवढ्या लांबची नोकरी धरलीस.

तू गेल्यावर तिने पाच महिन्यांत हात बदलला. घाईघाईने, पट्टी बांधून, दात-ओठ खाऊन. तपासणीत चौदा आले, ती संघात परतली, आम्हाला वाटलं सुटलो. मग या जानेवारीतला तो सामना. शेवटचा चेंडू, त्यांना दोन धावा हव्यात, एक गडी बाकी. तिने टाकला आणि तो पूर्वीसारखा हातभर वळून आत शिरला. दांडी गुल. सगळ्या मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. मी टीव्हीसमोर उभी होते. फलंदाजाच्या बाजूने त्यांनी तो चेंडू परत दाखवला तेव्हा मला कोपर दिसलं.

तासाभरात तिचा फोन. "ताई, तो चेंडू मी फेकला."

"कोणी पाहिलं का?" मी विचारलं. बघ, माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न हा.

ती म्हणाली, "मी पाहिलं ना."

दुसऱ्या दिवशी पंचांचा अहवाल आलाच. तरी संघाच्या वकिलाचं म्हणणं होतं की एका चेंडूचं काय घेऊन बसलात, कॅमेऱ्याचा कोनच चुकीचा होता असं म्हणू, लढू. चौकशीच्या खोलीत सगळ्यांसमोर ही उठून म्हणाली, "कोन बरोबर होता. हात घाबरला आणि जुन्या वाटेने गेला. सारखी घाबरतच राहिले, तर सारखं हेच होईल." वकील म्हणे नंतर पाणी प्यायला बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. अशी आपली बहीण, दादा. मी तिच्या जागी असते तर वकिलांच्या मागे लपले असते.

आता दुसरं खोटं. ती तुझ्यावर रागावलेली आहे. तुझं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जाते. हल्ली फार पाणी पिते.

आणि तिसरं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. घरामागच्या बोळात आपण तिघं खेळायचो. बोळावरून पाण्याचा मोठा पाइप आडवा गेलेला. बारा वर्षांची झाल्यावर तिची उंची वाढली आणि हात वर गेला की बोटं पाइपला सोलपटायला लागली. तू म्हणालास, "कोपर जरा आत घे." तिने घेतलं, आणि त्या दिवसापासून चेंडू जास्त वळायला लागला. आपल्याला किती आनंद झाला होता. पण तू तिच्या पाठीमागे उभा असायचास, मी समोर, विटांच्या स्टंपांमागे. कोपर वाकतं आणि सटकन सरळ होतं हे तुझ्यापेक्षा मला चांगलं दिसायचं. अळीमिळी गुपचिळी करून बसले, कारण चेंडू वळत होता. तिने प्रश्न तुला विचारला. मला विचारायला हवा होता.

तुझी मधली


१७ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही, पण पत्रं परतही येत नाहीत. परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं धरून चालते.

एप्रिलमध्ये मी एक उद्योग करून ठेवला. भिंगरी दिवसचे दिवस पलंगावर पडून छताचा पंखा मोजत असायची. पंख्याला तीन पाती, मोजायला किती वेळ लागतो? आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे. इथल्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. मी तिच्या नावाने अर्ज भरला आणि खाली तिची सही ठोकून दिली. मुलाखतीचं बोलावणं तिच्याच हातात पडलं.

"ही सही कोणाची?"

"तुझ्यासारखीच आहे," मी म्हणाले.

"तुला वाटतं मी संपले."

दादा, मला खरंच तसं वाटत होतं. सव्वीस वर्षांची मुलगी, दोनदा सगळ्या जगासमोर फेकी ठरलेली. मला वाटलं, आता पुरे, हिला माणसांत आणावं.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ती शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांना म्हणाली, "अर्जावरची सही माझ्या बहिणीची आहे, पण मुलींना शिकवायला मला आवडेल. फक्त रोज सकाळी नऊपर्यंतचा वेळ माझा." त्या इतक्या हसल्या म्हणे की नोकरी देऊनच टाकली.

आणि तिथे तिला भालेवाल्या बाई भेटल्या. कवायत शिकवतात, निवृत्तीला वर्षभरही उरलेलं नाही. तरुणपणी भालाफेकीत देशासाठी खेळलेल्या. उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा चार बोटं खाली. भिंगरीने आपण होऊन त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला क्रिकेट कळत नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. पण खांदा, कोपर आणि मनगट एकमेकांशी काय बोलतात ते मला ऐकू येतं. तुझे चेंडू आण." भिंगरीने पिशवीभर चेंडू नेले. बाईंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. सात आठवडे चेंडूला हात नाही.

मग करते काय? शाळेमागे बॅडमिंटनचा जुना हॉल आहे, वापरात नसलेला. तिथल्या भिंतीला अगदी खेटून उभं राहायचं, बोटांत खडू धरायचा आणि गोलंदाजीचा हात फिरवायचा. भिंतीवर कमान उमटते. कोपर वाकलं की कमानीला खड्डा पडतो. रोज दोनशे कमानी, संध्याकाळी भिंत पुसायची. एका रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा भिंत पुसायची राहिली होती. डावीकडच्या कमानी पोचे आलेल्या पातेल्यासारख्या आणि उजवीकडे जावं तशा गोल होत गेलेल्या. मी तिथे किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. माझा जन्म काचा घासण्यात गेला, दादा, गोल कशाला म्हणतात ते मला कळतं.

मी बाईंना म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, हिचं कसं व्हायचं?"

"जुन्याचा नाही जात," बाई म्हणाल्या. "म्हणून नवा सुंभ वळतोय."

तिचा खांदा इतका दुखतो की केस विंचरायला हात वर जात नाही. आई विंचरते. दोघी आरशासमोर बसतात आणि आई सगळ्या शेजाऱ्यांच्या तक्रारी तिला सांगते. ती ऐकून घेते. इतकी वर्षं घरी नव्हती, त्याची भरपाई चालली असावी.

पाणी अजून पिते. पण तुझ्या पत्रांवर तिकिटं तीच आणून देते. कोणाला लिहितेस असं विचारत नाही.

मधली


२४ जानेवारी

दादा,

आज निकाल आला. आधी तोच सांगते, नाहीतर तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचशील. नऊ. सरासरी नऊ अंश, आणि सगळ्यात वाईट चेंडूला अकरा.

तपासणीला मी सोबत गेले होते. दुकानातून दोन दिवसांची रजा मागितली तर मालक म्हणाले, "तीन घे, जाऊन नीट बघून ये." खोली कारखान्यासारखी मोठी, मधे खेळपट्टी, चारी बाजूंनी कॅमेरे. हिच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला वाटाण्याएवढ्या चमकणाऱ्या गोळ्या चिकटवल्या. निघताना आई म्हणाली होती, "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका." भिंगरीला ते तिथे आठवलं आणि ती हसत सुटली. गोळ्या चिकटवणाऱ्या बाई वैतागल्या. मला मात्र बरं वाटलं. पहिल्या तपासणीच्या वेळी ती आदल्या दिवसापासून जेवली नव्हती.

सहा षटकं टाकली. मी काचेआडून बघत होते, समोरच्या बाजूने, पूर्वी बोळात उभी राहायचे तशीच. हात आता कानाजवळून सरळ वर जातो आणि तसाच खाली येतो. मधे काही घडतच नाही. जे घडत नाही ते बघून डोळ्यांत पाणी यावं असं मला कधी झालं नव्हतं.

निकालाचा कागद आला तेव्हा ती भांडी घासत होती. मी वाचून दाखवला. आईने विचारलं, "नऊ? शंभरपैकी?" मग तिला समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे कमी आले तर चांगलं. असल्या परीक्षेत तुम्ही तिघंही पहिले आला असतात."

तिने 'तिघंही' म्हटलं. भिंगरी पाणी प्यायला उठली नाही.

मधली


११ एप्रिल

दादा,

हात सरळ झाला, आता चेंडू वळत नाही.

इतकी साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. कोपराच्या त्या झटक्यातून जी फिरकी यायची ती झटक्याबरोबरच गेली. बंदी उठल्यावर राज्याच्या संघाने तिला घेतलं. चार सामने, एक बळी. शेवटच्या सामन्यात एका मुलीने तिच्या एका षटकात तीन षटकार मारले. सीमारेषेपाशी कोणीतरी ओरडलं, "फेकत होतीस तेच बरं होतं." पाचव्या सामन्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. एका वार्ताहराने लिहिलं, अंश घटले तशी फिरकीही घटली. वाक्य बरं जमलं म्हणून त्याला आनंद झाला असेल.

मी त्या दिवशी तिला म्हणाले, "जुन्या हाताने मिळवलेलं तुझ्याकडे आहेच. ते काही कोणी काढून घेत नाही." सांत्वन म्हणून म्हणाले.

ती म्हणाली, "ते माझं होतं की पाइपचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे मात्र माझं आहे. एकच बळी आहे, पण माझा आहे."

आता तिने काय आरंभलंय ऐक. ज्या ज्या फलंदाजाने तिला धुतलं, त्या प्रत्येकीला शोधून विचारते, माझा चेंडू तुला कसा दिसला? जिने तीन षटकार मारले तिच्या घरी गेली. ती मुलगी बिचारी घाबरली, तिला वाटलं भांडायला आली. काही जणी हसल्या, एकीने दारातूनच वाटेला लावलं. हिने सगळं वहीत लिहून घेतलं. लहानपणी हरली की बॅट आपटायची ती ही. आता हरण्याची शिकवणी लावल्यासारखी दारोदार फिरते.

एका जुन्या खेळाडूने, जी आता खेळत नाही, मुलांच्या मागे असते, तिला कामाचं सांगितलं. म्हणाली, "तू अजून वळवायलाच बघतेस, म्हणून मार खातेस. तुझा हात पूर्वीपेक्षा वीतभर उंच येतो. चेंडू वरून पडतो. वळवू नकोस, उसळव."

काल हॉलमध्ये गेले तर भिंतीवर कमानी नव्हत्या. जमिनीवर खडूचे गोल होते, ताटलीएवढे, आणि भिंगरी त्यांत चेंडू टाकत होती. भालेवाल्या बाई खुर्चीवर बसून मोजत होत्या. त्यांची निवृत्ती झाली आहे, तरी रोज येतात. म्हणतात, घरी ऐकायला कोणी नाही.

मधली


३ मे

दादा,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, नुसतं कात्रण. तिच्या चार सामन्यांचे आकडे, इथल्या पेपरात कोपऱ्यात आले होते तेच. तिथे हा पेपर मिळतो हेच मला माहीत नव्हतं.

तिने ते हातात घेतलं, वाचलं आणि मागे काही लिहिलंय का म्हणून उलटून बघितलं. मग आपल्या वहीत ठेवलं.

मधली


१९ डिसेंबर

दादा,

घाईत आहे, घरात माणसांची रीघ लागलीय.

राज्याच्या नव्या मोसमात तिने नऊ सामन्यांत सत्तावीस बळी घेतले. आकडे तू कापून ठेवलेच असशील. पण आकड्यांत दिसत नाही ते सांगते. पूर्वी ती बळी मिळाला की मुठी वळून धावत सुटायची. आता चेंडू उसळतो, बॅटच्या वरच्या कडेला लागतो, झेल जातो आणि ही जागच्या जागी उभी राहून हाताकडे बघते. नवी भाड्याची खोली घेतल्यावर माणूस दिवे चालू-बंद करून बघतो ना, तसं.

काल दुपारी देशाच्या संघातली एक फिरकी गोलंदाज सरावात बोट मोडून घेऊन बसली आणि निवड समितीचा हिला फोन आला. ती शाळेत होती, मुलींना रांगेत उभं करत. फोनवर फक्त "हो" आणि "हो, उद्या" एवढंच बोलली आणि तास पूर्ण केला. मुलींना काही सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर हॉलमध्ये जाऊन भालेवाल्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे आता लांब जाणार. बरं. खांदा शेकत जा." आणि वळून खिडक्या लावायला लागल्या. खिडक्या लावायला त्यांना बराच वेळ लागला.

मला मात्र धास्ती आहे. तुलाच सांगते. एवढे कॅमेरे, एवढी माणसं, आणि तिसऱ्यांदा कोणी बोट दाखवलं तर? तिला विचारायचा धीर झाला नाही. आईने विचारलं. ती म्हणाली, "दाखवलं तर दाखवलं. मला आता हात कुठे आहे ते डोळे मिटून कळतं. आधी कळत नव्हतं, त्याची भीती वाटायची."

मधली


८ फेब्रुवारी

दादा,

तू सामना पाहिला असशील, किंवा नसशील. मी पाहिला तसा सांगते. आई आणि मी मैदानातच होतो, बाजूच्या स्टँडमध्ये, अकराव्या रांगेत.

पहिल्या षटकात चौदा गेल्या. बाजूचा पंच तिच्या हाताकडे असा टक लावून बघत होता की चेंडू कुठे गेला हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागलं असेल. आमच्या मागे एक माणूस प्रत्येक चेंडूला "फेक, फेक" म्हणत होता. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आई वळली आणि म्हणाली, "नऊ अंश आहे. तुम्हाला हवा तर कागद दाखवते." पर्समध्ये खरंच घेऊन आली होती. तो माणूस नंतर आमच्यासाठी चहा घेऊन आला.

कर्णधाराने तिला काढलं. मला वाटलं, झालं, एका षटकासाठी दोन वर्षं. पण तिसाव्या षटकानंतर परत बोलावलं. आता चेंडू वरून पडत होता, जड, पिकल्या फळासारखा. त्यांची सगळ्यात मोठी फलंदाज मागे सरकली, चेंडू छातीपर्यंत उसळला, बॅटची कड लागली, स्लिपमध्ये झेल. त्यानंतर आणखी एक. नऊ षटकांत दोन बळी. एकाही पंचाने तोंड उघडलं नाही.

आणि मग शेवटचं षटक तिलाच दिलं. आठ धावा हव्या होत्या. पाच चेंडूंत पाच गेल्या. एक चेंडू, तीन धावा, एकच गडी शिल्लक. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारीतला तो सामना मला आठवला. तिलाही आठवला असणार. ती रनअपच्या टोकाला थांबली. मी समोर नव्हते, बाजूला होते, तरी मी कोपराकडेच बघत होते. हरलो तरी चालेल, पण हात सरळ येऊ दे, असं मनात म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण आईने माझा हात धरला.

हात सरळ आला, दादा. भिंतीवरच्या शेवटच्या कमानीसारखा. चेंडूही चांगला पडला. त्या मुलीने दोन पावलं पुढे येऊन कव्हरच्या डोक्यावरून चौकार मारला. आपण हरलो.

तिला भेटायला जाताना काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं. खेळाडूंच्या जेवणघरात ती एकटी बसली होती आणि भाताचं दुसरं ताट संपवत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, भूक लागली होती ग. किती दिवसांनी लागली." मग आईलाही बसवलं आणि वाढून आणलं. आई जेवता जेवता रडली. भिंगरीने तिला पाणी दिलं. स्वतः प्यायली नाही.

कर्णधार येऊन तिच्या पाठीवर थाप मारून गेली. "परवा खेळतेस," एवढंच म्हणाली. त्या सामन्यात ती खेळली आणि एकोणतीस धावांत चार बळी. तो सामना आपण जिंकलो. त्याबद्दल सगळे लिहितायत, तू वाचशीलच. मला मात्र आयुष्यभर तो हरलेला सामना सांगत बसायला आवडेल. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण त्या शेवटच्या चेंडूच्या वेळी मी तिच्याकडे मोठ्या माणसाकडे बघावं तशी बघत होते.

दादा, गेल्या दोन वर्षांत तुला मी पुष्कळ लिहिलं. ये असं कधी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही. आपण दोघांनी जे पाहिलं आणि बोललो नाही, ते मी तिला आज सांगितलं. मी समोर होते आणि मला दिसत होतं, असं सांगितलं. ती म्हणाली, "चला, म्हणजे दोघं होतात तर." आणि पुढे म्हणाली, "कागद संपला नसेल तर इकडे दे."

मधली


दादा,

हे माझं अक्षर. सवय नाही, सांभाळून घे.

ताईने लिहिलेलं मी वाचलं नाही, पण तिला सगळं छानच दिसतं, त्यामुळे त्यातलं निम्मं धर.

शेवटचा चेंडू मी ऑफ स्टंपच्या जरा बाहेर टाकला, टप्पा किंचित आखूड. मला वाटलं ती मागे जाऊन मारेल आणि उसळीने फसेल. ती पुढे आली. ती पुढे येणार हे मला तिच्या पायांवरून कळायला हवं होतं का? की पायाशीच टाकायला हवा होता? की आणखी हळू? भालेवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणतात, जोरात टाक. कर्णधार म्हणते, चेंडू चांगला होता. आई म्हणते, त्या मुलीचंच नशीब. सगळे माझी समजूत काढतायत. तो सामना तू बघितलास हे मला माहीत आहे, तुमच्या ऑफिसातल्या बाईंना मी फोन करून विचारलं. म्हणाल्या, शेवटच्या षटकाला उठून कँटीनच्या दारात उभे होते.

तर खरं काय ते सांग. कुठे टाकायला हवा होता?

पुढची मालिका तेवीस तारखेला सुरू होते. टपाल आठवड्यातून एकदाच निघतं, त्या हिशेबाने लिही.

भिंगरी